रामटेके मॅडमचे काळे दाणे

रामटेके मॅडमच्या टेबलावर बसून डबा खायची हिंमत आमच्या कॉलेजात कुणाचीच नव्हती. आदिलाबादच्या कॉलेजात त्या झूऑलॉजी शिकवायच्या. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात त्यांचं टेबल होतं. त्याच्या एका टोकाला मातीसकट उपटलेली मुळं, गढूळ पाण्याच्या बशा आणि धानाच्या कुजलेल्या रोपांची जुडी. दुसऱ्या टोकाला त्यांचा डबा: ज्वारीची भाकर, ठेचा, कधी वांग्याची भाजी. मध्ये हद्द अशी नव्हतीच. उजव्या हाताने घास आणि डाव्या हातातल्या सुईने मुळाचं साल सोलणं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. घास तोंडात असतानाच त्या म्हणायच्या, "इकडे ये व, पाह्य, गाठ केवढी हाये." मला किळस यायची. आज लिहितानाही येते. मी त्यांच्याबद्दल आदरानेच लिहिते आहे, पण किळस वगळून लिहिलं तर त्या दुसऱ्याच कुणीतरी होतील.

मी आमच्या घरातली कॉलेजात गेलेली पहिली. ही गोष्ट ऐंशीच्या दशकातली. आमचं गाव गुडीहत्नूरच्या मोठ्या रस्त्यावरून आत, पायवाटेचं. कापूस, ज्वारी, आणि विहिरीच्या पाण्यावर थोडा गहू. दहावीपर्यंत मराठी शाळा. कॉलेजात वर्ग इंग्रजीत, मैत्रिणी तेलुगूत आणि ऑफिसातले क्लार्क हिंदीत बोलत. पहिले काही महिने मी वर्गात 'येस मॅडम' यापलीकडे एक शब्द बोलले नसेन. एका प्रॅक्टिकलला रामटेके मॅडम माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "कोणतं गाव व तुझं?" त्या इमारतीत माझ्या घरची बोली मी पहिल्यांदा ऐकली. त्यांच्या बोटांना मातीचा आणि कसल्यातरी आंबट पाण्याचा वास येत होता. एकाच वेळी जवळ जावंसं आणि दूर सरकावंसं वाटलं. त्यांच्या बाबतीत मला शेवटपर्यंत तसंच वाटत राहिलं.

त्या महाराष्ट्राच्या सरहद्दीकडच्या बौद्ध घरातल्या होत्या. वडील सालदार, दुसऱ्याच्या वावरात राबणारे. हे त्या लपवत नसत आणि उगाळतही नसत. वर्गात ज्वारीच्या मुळांबद्दल सांगताना सहज म्हणायच्या, "माझ्या बापानं ही मुळं माझ्याहून जास्त उपटली, फक्त त्याला नावं माहीत नव्हती."

त्यांच्या पर्समध्ये एक डबी असायची, सुपारीची असते तशी. तिच्यात त्या काय काय ठेवायच्या: रोगट मुळांचे तुकडे, वाळलेल्या गाठी, खराब दाणे. बॉटनीचे सर त्यांचे चांगले मित्र. स्टाफरूममध्ये एकदा त्यांनी न विचारता डबी उघडली आणि चिमूट तोंडात टाकली. मॅडमनी वहीतून डोकं वर न काढता म्हटलं, "सर, चबाना नहीं. अंदर फॅमिली है." सर 'अय्यो' म्हणत खिडकीकडे पळाले. त्यानंतर महिनाभर त्यांनी कुणाकडचीच सुपारी घेतली नाही.

पण मॅडमनाही एका गोष्टीची शिसारी होती. चहावरच्या सायीची. चहावर साय आली की त्यांचा चेहरा लहान मुलासारखा वाकडा व्हायचा. दोन बोटांनी ती उचलून झटकायच्या आणि बोटं रुमालाला पुन्हा पुन्हा पुसायच्या. सकाळभर कुजक्या मुळांत घातलेली तीच बोटं. आम्ही हसलो की म्हणायच्या, "हसा. ज्याची त्याची किळस."

पहिल्या वर्षाच्या माघात त्यांनी सांगितलं, प्रत्येकाने आपल्या वावरातलं एक आजारी झाड आणा. बहुतेकांनी मावा पडलेली कापसाची पानं आणली. मी लाजत लाजत पेपरात गुंडाळून गव्हाच्या पाचसहा ओंब्या नेल्या. बाबांनी दोन वर्षांपूर्वी हमरस्त्यावरच्या ढाब्यावर, उत्तरेकडून येणाऱ्या एका ट्रकवाल्याकडून ते बी आणलं होतं. तिकडचा गहू, मोठ्या दाण्याचा, म्हणून गावभर कौतुक झालं. आमच्याकडे बी मागायला आलेल्याला कुणी नाही म्हणत नाही, त्यामुळे दुसऱ्या साली ते जवळजवळ सगळ्या गहूवाल्यांच्या वावरात गेलं. मग रोपं सुरकुतायला लागली. पानं चुरगाळलेल्या कागदासारखी. ओंब्या आखूड, फिसकारलेल्या, आणि दाण्याच्या जागी काळपट खडे. काही ओंब्यांवर पिवळा चिकट चीक, जखमेतून पू यावा तसा. गाव म्हणालं, काणी आली.

मॅडमनी ओंबी तळहातावर चोळली. पिवळा चीक बोटांना लागला, तो त्यांनी नाकाशी नेला. मी मान फिरवली.

"काणी नाई ही. काणी फोडली की काळी भुकटी उडते. घे ब्लेड, काप."

काळा दाणा टणक होता. कापल्यावर आत पांढरं काहीतरी निघालं, कापसाच्या बोळ्यासारखं. मॅडमनी काचेवर ते ठेवून पाण्याचे थेंब सोडले. "आता जा, चहा पिऊन ये."

परत आले तेव्हा कापूस हलत होता.

मायक्रोस्कोपमध्ये पाहिलं. धागेच धागे, एकमेकांत गुंतलेले, एकमेकांवरून सरकणारे. तोंड कोणतं, शेपूट कोणतं कळत नव्हतं. एवढ्याशा दाण्यात इतके की मोजायला सुरुवात कुठून करावी तेही सुचेना. मी बेसिनकडे धावले आणि सकाळचं सगळं ओकले. मॅडमनी मागून माझी वेणी धरून ठेवली. कोणत्या हाताने ते कळलं तेव्हा मला दुसऱ्यांदा ओकारी आली.

"झालं?" त्या म्हणाल्या. "किळस आली म्हणजे तू पाह्यलंस. आता पुन्हा पाह्य, नीट."

मग त्यांनी शांतपणे सांगितलं. याला सूत्रकृमी म्हणतात. वाळल्या दाण्यात तो वर्षानुवर्षं मेल्यासारखा पडून राहतो. दाणा बियासोबत पेरला गेला, माती ओली झाली, की जागा होतो, रोपावर चढतो, कोवळ्या पोंग्यात शिरतो. पानं चुरगळतात ती त्यानेच. ओंबी धरायच्या आधी तो तिच्यात जाऊन बसतो, आणि जिथे दाणा भरायचा तिथे त्याचं घर होतं. झाड बिचारं त्या घरालाच पोसत राहतं. "पाणी आपलं, खत आपलं," मॅडम म्हणाल्या, "अन् पीक त्याचं. असाच सोडला तर दोनतीन सालात गहू नावालाच राहील."

आम्ही दोन वर्षं तो गहू दळून खात होतो. मी विचारलं, माणसाला काही होतं का. "नाई होत. गव्हाचा जंत गव्हालेच." त्याने माझं काही समाधान झालं नाही. पुढे कितीतरी दिवस हॉस्टेलवर पोळी तोडताना मी तिच्या आत पाहायचे.

मॅडम ती काच एका बशीत ठेवून, वर झाकण लावून शेतीच्या ऑफिसात घेऊन गेल्या. मला सोबत नेलं. साहेबांनी खुर्ची दिली नाही. टेबलावर ठेवलेल्या बशीकडे बोट करून म्हणाले, "मॅडम, ये गंदगी यहाँ से हटाइये. कानी है, पावडर लिख देता हूँ." आणि लिहून दिलंही. बाहेर आल्यावर मॅडमनी हातातली बशी एकदा पाहिली. मग म्हणाल्या, "मंदा, बशीवर झाकण होतं ना ग?"

होतं. आतलं काहीच दिसत नव्हतं. साहेबांना घाण कशाची वाटली हे मला काही दिवसांनी उमजलं, आणि त्या दिवशी मी हॉस्टेलात जेवले नाही.

पुढच्या दिवाळीनंतर, गव्हाच्या पेरणीच्या तोंडाशी, मॅडम एका रविवारी स्वतः आमच्या गावी आल्या. रस्त्यावर बसमधून उतरून पायवाटेने चालत. आमच्या अंगणात बाया बियाचा गहू घेऊन जमल्या. मोठ्या घमेल्यात पाणी, त्यात खडेमीठ, कोंबडीचं अंडं तरंगेपर्यंत. शेजारच्या गंगाकाकूंनी पदर तोंडाला लावला.

"गव्हाचं लोणचं घालून राह्यल्या काय बाई?"

"लोणचंच समजा, काकू. चांगलं ते खाली बसते, नासकं ते वर येते."

"आमच्या घरात उलटं हाये बाप्पा. नासकं ते खाटेवर बसते," काकू म्हणाल्या, आणि ओट्यावर बसलेल्या त्यांच्या नवऱ्यासकट सगळे हसले.

मॅडमनी घमेल्यात हात घालायला बाह्या सरकवल्या तेव्हा माझी आई पुढे झाली. "तुमी सांगा बाई. आमी करतो." आवाज गोड होता. मॅडम थांबल्या, दोन हात मागे सरल्या आणि दिवसभर तिथेच, हात पाठीमागे बांधून उभ्या राहिल्या. कुठल्याही चिखलात बोट घातल्याशिवाय ज्यांना राहवत नसे, त्या. आईने त्यांना चहा दिला, मानाचा म्हणून वर जाड साय घालून. मॅडमनी डोळे मिटले आणि एका घोटात गिळला.

पण काम झालं. गहू ओतला की काळे दाणे बुडबुड्यांसारखे वर येत होते. बाया चाळणीने काढत होत्या आणि तोंडं वाकडी करत होत्या, कारण मॅडमनी आधी सगळ्यांना एक दाणा फोडून, पाण्यात टाकून दाखवला होता. खाली बसलेला गहू साध्या पाण्याने धुऊन सावलीत पसरला. जाताना मॅडमनी बजावलं, "वरचे सगळे जाळून टाका. एक ठेवू नका. एवढं करूनही वावरात काळा दाणा दिसला, तर कॉलेजात येऊन मले तोंडावर सांगा."

संध्याकाळी आई ते काळे दाणे सुपात घेऊन वावराकडे निघाली. मी मागोमाग गेले. उद्याच्या पेरणीसाठी जमीन तयार होती. आई धुऱ्याधुऱ्याने, वावराच्या बांधाबांधाने, चालत दाणे उधळत गेली. मधूनच हात जोडत होती.

"माय, मॅडमनी जाळाले सांगतलं."

"अन्न जाळतेत का व? अन् तेबी पेरणीच्या तोंडावर? पाखरं खातील. कोनाच्या तरी पोटात जाईल."

आमच्याकडे जो दाणा घरात चालत नाही तो धुऱ्यावर पाखरांना टाकतात. हे कुणी कुणाला शिकवत नाही. पलीकडच्या धुऱ्यावर गंगाकाकूही तेच करत होत्या. उजेड होता, काळे दाणे मातीवर स्पष्ट दिसत होते. वाकून वेचता आले असते. मला वाटलं, पुन्हा एकदा म्हणावं. आईला शिकवणारी मी कोण, असंही वाटलं. मी आईच्या हातातलं रिकामं सूप घेतलं आणि घराकडे वळले.

सोमवारी प्रयोगशाळेत मॅडमनी विचारलं, "जाळले सगळ्यांनी?"

"हो मॅडम."

"तू पाह्यलंस?"

"हो."

आईला त्या अडाणी समजतील याची भीती होती. आपल्या घराबद्दल त्यांनी काही म्हणावं हेही नको होतं, आणि 'त्यांनी' या शब्दात मी काय काय धरलं होतं ते आज मला दिसतं. तेव्हा पाहायचं नव्हतं.

माघात बाबा कॉलेजात आले. चपला दाराबाहेर काढून प्रयोगशाळेच्या उंबऱ्यावर उभे राहिले. पोरं पाहत होती. बाबांनी खांद्यावरचं दुपटं सोडलं, त्यात ओंब्या होत्या.

"मॅडम, तुमी म्हनल्या होत्या तोंडावर सांगा म्हून. मले जास्त बोलता येत नाई. हे पाहा."

मॅडमनी ओंबी घेतली. आखूड, फिसकारलेली, काळी. त्यांचा चेहरा उतरलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

"लोक म्हनून राह्यले, मिठानं काई झालं नाई, उलटं नासवलं," बाबा म्हणाले. "आता कोनी आयकत नाई. पुढल्या साली न धुताच पेरतो म्हनतेत. तुमी खोट्या पडल्या मॅडम. मले वाईट वाटून राह्यलं."

मॅडम माझ्याकडे वळल्या. "मंदा, जाळले होते ना ग?"

बाबांना यातलं काही ठाऊक नव्हतं. बियाचं काम बायांचं. मी फरशीकडे पाहत पुन्हा 'हो' म्हटलं.

मॅडमनी त्याच दुपारी रजेचा अर्ज दिला आणि आमच्यासोबत बसमध्ये बसल्या. वाटेत त्या बाबांना एकेक विचारत होत्या: पाणी कधी दिलं, खत कोणतं, शेजाऱ्यांचं कसं आहे. मी खिडकीशी बसले होते. 

वावरात पोचलो तेव्हा नुकतंच पाणी दिलेलं होतं. गंगाकाकू आल्या, आणखी चारदोन बाया आल्या. मॅडम गव्हात शिरल्या आणि मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. तिथला गहू छातीएवढा, निर्मळ. ओंबी मोडून पाहिली, दाणा पांढरा, दुधाचा. मग त्या कडेकडे आल्या. कडेला चारपाच ओळी पिवळ्या, खुरट्या, चुरगळलेल्या. त्या कडेनेच चालत राहिल्या, एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत, आणि पुन्हा उलट. रोग धुऱ्याला धरून चालला होता, जसं कुणी दोरी लावून आखून द्यावं.

"मधला पाहा अन् हा पाहा," त्या म्हणाल्या. "धुतलेलं बी तं चांगलंच निघालं. मंग हे धुऱ्याधुऱ्यानं कोन पेरत गेलं?"

मॅडमनी साडी खोचली आणि चिखलात गुडघे टेकले. दोन्ही हातांनी धुऱ्याची माती खरवडायला लागल्या. वरची काळी माती, पाखरांची वाळलेली शीट, गोगलगाईचे फुटके शंख, एक मेलेला उंदीर, तो त्यांनी शेपटीने उचलून बाजूला ठेवला. बायांनी नाकाला पदर लावले. दगडाच्या आडोशाला, पाणी न पोचलेल्या जागी, त्यांना हवं ते सापडलं. तळहातावर चिखल आणि त्यात पाचसहा काळे, सुरकुतलेले दाणे.

"हे इथं कोनं आनले?"

आई पुढे झाली. "म्या टाकले," ती म्हणाली. "पाखराईसाठी. अन्न चुलीत कसं घालाव, बाई? आमी समद्याईनंच टाकले." मग माझ्याकडे पाहून, अगदी साधेपणाने, "पोरीच्या समोरच तं टाकले. इनं सांगतलं नाई का तुमाले?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. कुजकं मूळ, पिवळा चीक, वळवळणारे धागे, मेलेला उंदीर, यांच्याकडे पाहताना त्यांच्या चेहऱ्यावर जे मी कधी पाहिलं नव्हतं ते तेव्हा पाहिलं. फार वेळ नाही. त्यांनी मान वळवली आणि बायांशी बोलायला लागल्या, जणू मी तिथे नव्हतेच.

"चूक माझी," त्या म्हणाल्या. "मी जाळा म्हनलं. जाळनार नाई हे मले समजाले पायजे होतं. माझ्या मायनंबी जाळले नसते. जाळू नका. उकडा. चांगले खदखदा उकडा अन् म्हशीले घाला. उकडल्यावर त्याच्यात जीव राहत नाई, अन् अन्न वाया जात नाई."

"उकडून चालते?" गंगाकाकूंनी विचारलं.

"चालते."

"मंग तसं पयलेच सांगाचं ना बाई. आमच्या म्हशीचे दोन सन झाले असते." कुणीतरी हसलं. आईही हसली, आणि मला कळलं की गाव आता ऐकणार.

ऐकलंही. मॅडमनी सांगितलं तसं त्या वावरांत दोन सालं गहू न पेरता हरभरा घेतला, म्हणजे मातीतला जंत उपाशी मरेल. मग बी मिठाच्या पाण्यातून काढून पुन्हा गहू. काळे दाणे उकडून म्हशींना. नव्वद साल उजाडलं तोवर आमच्याकडच्या लहान पोरांना काळा दाणा म्हणजे काय ते दाखवायलाही सापडत नव्हता. मॅडमची बदली मात्र वावरातल्या त्या दिवसानंतरच्या उन्हाळ्यातच मंचेरियलला झाली. मध्ये परीक्षा होत्या. तेवढ्या दिवसांत त्या माझ्याशी कामापुरतं बोलल्या, नीट बोलल्या, पण घरच्या बोलीतलं ते 'व' लावून पुन्हा बोलल्या नाहीत. मी माफी मागायला तीनदा त्यांच्या टेबलापर्यंत गेले. तीनदा बशीत काय आहे ते विचारून परत आले.

पण मॅडम म्हटलं की मला मंचेरियलची बदली आठवत नाही, परीक्षाही नाही. आठवते ती त्या दिवशीची विहीर.

बोलणं संपल्यावर मॅडमनी हात पुढे केले, कोपरापर्यंत चिखलाने भरलेले. आईने विहिरीतून बादली शेंदली, तांब्या भरला आणि वरून, चांगला हातभर उंचावरून पाणी सोडलं. नुकतंच मोकळेपणाने 'म्या टाकले' म्हणालेली माझी आई. आपण काही वेगळं करतो आहोत असं तिच्या चेहऱ्यावर नव्हतं. शिंतोडे उडू नयेत म्हणून तिने पाय मागे घेतला. मॅडमनी नखं नखांनी घासून धुतली, तीन तांबे पाणी झालं. मग त्या ओले हात तसेच धरून उभ्या राहिल्या आणि पुसायला काही मिळतं का म्हणून एकदा आजूबाजूला पाहिलं. आईचा पदर होता, काकूंचा होता, बाबांच्या खांद्यावर दुपटं होतं. कुणी हललं नाही. मॅडम "येते" म्हणाल्या आणि पायवाटेने निघाल्या, हात साडीला लागू नयेत म्हणून अंगापासून दूर धरून, बोटं फाकवून, वाऱ्यावर वाळवत.

माझ्या अंगावर धुतलेली ओढणी होती. ती पुढे करावी हे मला मॅडम बाभळीच्या वळणाआड गेल्यावर सुचलं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. खरं तर त्याआधीच सुचलं होतं.